वरच्या खोलीतली बाळंतीण

सिद्धीला आमच्या भवनात आणली तेव्हा दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला होता, फोटो काढले होते, टाळ्या वाजवल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, येसक्का तिखटमीठ लावून सांगते. तिखटमीठ मी भवनाच्या स्वयंपाकघरात लावते. बोलताना लावायची मला गरज पडत नाही, लोकच तशी वागतात.

भवन बसवनगुडीत. खाली देवीचं देऊळ, त्याला लागून जेवणाचा हॉल, आणि वर परगावच्या माणसांसाठी चार खोल्या. आमची घराणी कधीकाळी फौजेबरोबर इकडं आली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माझे यजमान रघुजी रिक्षा चालवतात. मी भवनात स्वयंपाक करते, झाडलोट करते. अध्यक्ष हंबीररावअण्णा, त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. आणि हल्ली चारपाच वर्षांत पुण्याची, नागपूरची कॉम्प्युटरवाली मंडळी समाजात आली, त्यांनी 'नवागत मदत केंद्र' काढलं. बाहेरून पोट भरायला आलेल्या मराठी माणसाला इथं बस्तान बसवायला मदत करायची. ते केंद्र चालवते मुग्धाताई. राहते सर्जापूर रोडला, कुठल्यातरी उंच मजल्यावर. मनानं वाईट नाही पोरगी. पण हातातला फोन काही सुटत नाही आणि फोनमधले लोक तिला समोरच्यापेक्षा जवळचे वाटतात.

माझा मान काय, तेही सांगते, म्हणजे पुढं कोडं पडणार नाही. नवरात्रात देवीच्या घटाची माती आमच्या घरातल्या बाईनं कालवायची आणि गहूही तिनंच पेरायचा. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलंय. एक वर्ष सासूबाई तापानं फणफणल्या होत्या म्हणून दुसऱ्या कुणी पेरलं, तर गहू कुजला. त्या वर्षाची गोष्ट जुन्या बायका अजून डोळे मोठे करून सांगतात. तेव्हापासून दुसऱ्या हाताला कुणी माती लावू देत नाही. त्या दिवशी मी ओलेत्यानं माती घेऊन आले की अध्यक्षांची बायकोसुद्धा उठून वाट देते. बाकी वर्षभर मी भांडी घासणारी.

तर भाद्रपद लागताच तिकडं सर्जापूर रोडच्या मागचं तळं भरून वाहिलं. उंच इमारतींच्या तळघरात मोटारी बुडाल्या, त्याची बातमी झाली. इमारती बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कमरेइतकं पाणी होतं, त्याची झाली नाही. मुग्धाताईचा फोन आला, "येसूकाकू, फूड लागेल, अर्जंट." मी पातेलंभर चित्रान्न, इथला लिंबूभात, केलं, रघुजींच्या रिक्षात मागं ठेवलं आणि मांडीला चटके सोसत तिकडं गेले.

सिद्धी तिथं प्लायवूडच्या थप्पीवर बसली होती. पाय खाली सोडायला जागा नाही म्हणून जवळ घेतलेले, आणि पोट मध्ये येतंय. डोक्यावर सिमेंटचं रिकामं पोतं. शेजारी तिचा नवरा दत्ता पाण्यात उभा. फरशी बसवणारा माणूस तो, गुडघे घासून घासून काळेठिक्कर पडलेले. त्यानं फरशी कापायचं कटर आणि रबरी हातोडा गळ्यात बांधून कोरडा ठेवला होता. तांदूळ भिजले होते.

"कुठलं गाव?" मी विचारलं.

"मंगळवेढ्याकडचं जी," तो म्हणाला. "मुकादम म्हनतोय, पानी उतरंपातुर कुठंबी जावा. कुठं जावं?"

"कितवा?" मी तिच्या पोटाकडं बघून विचारलं.

"सातवा सरंल आता," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं ताट तिनं आधी दत्ताकडं दिलं.

मुग्धाताईनं तिथंच फोन फिरवले. म्हणाली, "यांना आपण भवनात शिफ्ट करू. प्रॉपर सेटल होईपर्यंत." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी त्या पोरीला रिक्षात घातलं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "आक्का, तिथं वर पत्रा हाय का?" मी म्हटलं, "नाही गं, पक्का स्लॅब आहे." ती डोळे मिटून बसली.

वरची कोपऱ्यातली खोली दिली. अण्णांनी दारात नारळ फोडला. "आपला माणूस परमुलखात उघडा पडू द्यायचा नाही," असं मोठ्यानं म्हणाले. ते चित्र लगेच सगळ्यांच्या फोनवर गेलं.

मग त्यांचं रोजचं सुरू झालं. दत्ता उजाडायच्या आत निघायचा, दोन बसा बदलून साइटवर. संध्याकाळी यायचा तो फरशीच्या पांढऱ्या धुळीनं माखलेला, पापण्यासुद्धा पांढऱ्या. वर जायच्या आधी मागच्या नळाखाली आंघोळ करायचा, कारण जिन्यावर पावलं उमटली म्हणून अण्णा एकदा बोलले होते. त्यानंतर तो वहाणा हातात घेऊन जिना चढायचा. कुणी सांगितलं नव्हतं वहाणा हातात घ्यायला.

सिद्धीला कुणी काम सांगितलं नव्हतं. पण फुकट राहायचं तिच्या अंगाला टोचत असावं. सकाळी मी येईपर्यंत हॉल झाडून झालेला असायचा. मी ओरडायची, "अय्यो, पोटुशी बाई तू, वाकू नको!" की म्हणायची, "गावाकडं ह्या पोटानं मी ज्वारी खुडली असती, आक्का. हे काय, केरसुनी तर धरायची." पाय सुजलेले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मी तिला पाटावर बसवून भाजी निवडायला द्यायची आणि पाय उलट्या पातेल्यावर ठेवायला लावायची.

रविवारी केंद्राचा वर्ग असे. शहरात राहायचं कसं. मुग्धाताई शिकवायची, बँकेत काय बोलायचं, डॉक्टरला काय सांगायचं, कन्नडमध्ये पाणी कसं मागायचं. सिद्धी पहिल्या ओळीत बसून सगळं म्हणायची. "नीरु बेकु." पाणी पाहिजे. वर्ग संपला की कप गोळा करून ती ते पाणी स्वतःच आणायची, आणि मंडळी तिच्या हातून घेऊन प्यायची. तोवर तिचा हात चालत होता. लक्षात ठेवा.

सातव्याची ओटी समाजानं भरली. स्टेजवर. हिरवी साडी, बांगड्या, फुलांची वाडी. अण्णा बोलायला उभे राहिले. "पोरी, आजपासून हा समाज तुझं माहेर," म्हणाले, आणि बायकांनी पदर डोळ्याला लावले. मग त्याच दमात म्हणाले, "आता पहिलटकरीण आहेस, वेळेवर आईकडं जा, आणि पेढे घेऊन ये."

आता बघा. आमच्या लोकांची ही पक्की समजूत. पहिलं बाळंतपण आईकडं. इतकी पक्की की कुणाला विचारायचं सुचतच नाही, बाई, तुझी आई आहे का? डॉक्टरचं कार्ड काढलं, गोळ्या आणून दिल्या, कन्नड शिकवलं. बाळंत कुठं होणार, एकानं विचारलं नाही. सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं की खोली नवरात्राच्या आत मोकळी होणार.

मी विचारलं. पालक निवडताना. ती म्हणाली, "आई मी न्हातीधुती व्हायच्या आतच गेली. भाऊ-भावजय दसऱ्याला ऊसतोडीला जात्यात. घराला कुलूप. बाप त्यांच्यासंगं फडावर, पाचटाच्या कोपीत ऱ्हातो." आणि पालकाची मुळं कापत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "पन अण्णा म्हनले न्हवं, हेच माहेर."

त्याच दिवशी मी अण्णांच्या दुकानात गेले. म्हटलं, "अण्णा, त्या पोरीला माहेर नाही. बाळंतपण इथंच करावं लागेल."

ते गिऱ्हाईकाला कुकर दाखवत होते. "असं कसं नसेल? कुणीतरी असतं. चुलत, मावस. दिवाळीची तारीख आहे ना? स्वल्प दम धर, दसरा होऊ दे."

"तारीख डॉक्टरची, अण्णा. पोर काय तारीख बघून येतं?"

"सरी, सरी, बघू," म्हणाले आणि कुकरचं झाकण लावलं. ते बघू तसंच राहिलं.

पोर आलंच लवकर. पितृपक्ष संपत आला होता. दुपारी सिद्धी जिन्याखाली पाणी तापवत होती, तिथंच भिंतीला टेकली. पायाखाली पाणी. मी रघुजींना फोन केला, ते रिक्षा फुटपाथवर चढवूनच आले. सरकारी दवाखान्यात दिवस मावळायच्या आत ती सुटली. मुलगी. एवढीशी, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. नखं मऊ, कान चिकटलेले. नर्स बडबडी होती, पण तिनं सगळं नीट सांगितलं. पोरीला उघडं ठेवायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची. "थंडी बसली तर हिला झेपणार नाही," म्हणाली. दत्ता सगळ्याला मान हलवत होता आणि हाताची धूळ पुन्हा पुन्हा विजारीला पुसत होता. साइटवरून तसाच आला होता.

सर्वपित्रीच्या अमावास्येला तिला घरी सोडलं. घरी म्हणजे भवनात, असं आम्ही समजत होतो.

मी मागच्या अंगणात घटाची माती चाळत होते. रिक्षाचा आवाज आला म्हणून हात झटकत पुढं आले. तर त्यांचं सगळं सामान पायरीवर. वळकटी, स्टोव्ह, दत्ताच्या हत्यारांची पिशवी, ओटीची हिरवी साडी, आणि वर बाळासाठी मी शिवलेली दुपटी. खोलीला नवं कुलूप. बाजूला टेंपो उभा, त्यात समाजाच्या नावाचं लेबल लावलेली डाळतांदळाची पिशवी. सिद्धी रिक्षातून उतरायच्या आधीच तिला दिसलं सगळं. ती उतरलीच नाही.

अण्णा हॉलमधून आले. मुग्धाताई त्यांच्या मागं.

"दत्ता, वाईट वाटून घेऊ नको," अण्णा म्हणाले. "उद्या घट बसतात. तुमची खोली बरोब्बर गाभाऱ्यावर येते. बाळंतिणीचा विटाळ देवीच्या डोक्यावर नको. दहा दिवसांचा प्रश्न. शेडमधलं पाणी ओसरलंय, मी मुकादमाशी बोललोय. धान्य दिलंय, टेंपो दिलाय. दसरा झाला की परत या. आम्ही काय कायमचं काढतोय?"

दत्ता हात जोडून उभा. "व्हय जी. तुमचे लई उपकार हायेत." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला माझाच राग आला, या लोकांचं मीठ खाते म्हणून.

"अण्णा," मी म्हटलं, "शेडची जमीन हातानं दाबली तर पाणी वर येतं. पत्रा गळतो. पोरगी महिनाभर आधी आलीय. दवाखान्यात सांगितलंय, ओल लागली तर ती जगणार नाही. ऐकू येतंय का? जगणार नाही."

"असं अभद्र बोलू नको सणाच्या तोंडावर."

"मी बोलले तर अभद्र, आणि तुम्ही करताय ते काय?"

"येसक्का, नियम मी केला नाही. तुझ्या सासूच्या वेळेपासून आहे. तू मानकरीण, तुला मी सांगायचं?"

मी मुग्धाताईकडं वळले. तिचं तोंड उतरलं होतं. "काकू, आय नो. मी पर्सनली हे काही मानत नाही. पण कमिटीत सीनिअर लोकांच्या सेंटिमेंट्स आहेत. खूप सेन्सिटिव्ह आहे. मी ट्राय केलं."

"मग तुमच्या घरी न्या. तीन खोल्या आहेत म्हणालात ना."

"नेलं असतं हो. पण सासूबाई आल्यात पुण्याहून. त्यांचे घट असतात." असं म्हणून तिनं फोनकडं बघितलं. फोन वाजलाही नव्हता.

माझं डोकं सणकलं. "माहेर म्हणालात तुम्ही स्टेजवर! कुठल्या माहेरात ओल्या बाळंतिणीचं बोचकं पायरीवर ठेवतात हो? पोटात होतं तोवर हिच्या हातचं पाणी प्यालात, हिनं झाडलेल्या हॉलमध्ये जेवलात. पोर बाहेर आलं आणि हात विटाळला? दारात ओवाळायला कुणी सांगितलं होतं मग?"

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जास्त बोलू नको. सोय करून दिली तर हे ऐकायचं? त्यांना उपकार कळतात, तुला काय झालं?"

रिक्षातून सिद्धी हळूच म्हणाली, "आक्का, नगा भांडू. जातो आमी." तिच्या पदराखाली पोरगी मांजराच्या पिल्लागत आवाज करत होती. सिद्धी रडत नव्हती. ती वर, त्या खोलीच्या खिडकीकडं बघत होती. खिडकीत तिनं वाळत घातलेली फडकी तशीच होती. ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी दत्ताच्या हातातली वळकटी घेतली आणि रिक्षात टाकली. "घरी चला हो," मी रघुजींना म्हटलं. त्यांनी आधी अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "मानकरीण झाली सुईण," आणि किक मारली. डाळतांदळाची पिशवी टेंपोतच राहिली.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं चिंचोळी पडवी. खोलीत खाट तिची. आम्ही पडवीत. दत्ता रिक्षात. मी शेगडी पेटवली, पाणी तापवलं, तिला शेक दिला. टाके ओढत होते, बसताना ती माझा दंड इतका दाबायची की वळ उठले. दूध उतरेना. पोरगी चोखायची, दमायची, झोपायची. पहिल्या वेळी चार थेंब तिच्या ओठावर दिसले तेव्हा मी आणि सिद्धी दोघी बावळटासारख्या हसलो. पोरीला तेल लावताना तिची छाती माझ्या बोटांखाली भराभर हलत होती. पत्र्याखाली हिचं काय झालं असतं, हा विचार आला की माझे हात थांबायचे.

सकाळी मी काही भवनात गेले नाही. जाऊ तरी कशी? बाळंतिणीच्या घरातली बाई मी. त्यांच्याच नियमानं मला मातीला हात लावायचा नव्हता. नियम म्हणजे नियम. मी शेगडीवर ओवा भाजत बसले.

ऊन पडवीत आलं तसे अण्णा आले. रेशमी उपरणं, कपाळाला मळवट, आणि घामाघूम. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"येसक्का, अगं, सगळ्या बायका येऊन बसल्यात. गुरुजी खोळंबलेत. मुहूर्त निघून जाईल. चल."

"कशी येऊ अण्णा? विटाळ आहे घरात. आत्ताच पोरीची दुपटी धुतली."

"आंघोळ करून ये. गोमूत्र शिंपडू. गुरुजींना विचारलंय मी, चालतं म्हणाले."

मी ओव्याची कढई खाली उतरवली. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "काय म्हणालात?"

"बादलीभर पाणी अंगावर घे आणि ये. झालं."

"बादलीभर पाण्यानं जातो विटाळ?"

त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

"सांगा ना. एका बादलीनं जातो तर त्या जिन्यावर दोन ओतल्या असत्या मी. चार ओतल्या असत्या. मलाच सांगायचं होतंत. काल नियम पोलादी होता. दवाखान्याचा हवाला दिला, वाकला नाही. पोर मरेल म्हटलं, वाकला नाही. आज तुमचं अडलं, तर एका रात्रीत बादलीत मावला? जनाची नाही तर मनाची तरी बाळगा अण्णा!"

पडवीत शेजारणी जमल्या होत्या. अण्णांनी आवाज दाबला. "इथं तमाशा करू नको. काय पाहिजे तुला?"

"मला काही नको. खोली उघडा. तिची ती खोली. आणि दसऱ्याला, दिवाळीला, कशालाही परत काढायची नाही. दत्ताला स्वतःची खोली मिळेपर्यंत ती तिथं राहील. मग मी येते."

"कमिटीला विचारावं लागेल."

"विचारा. मी ओवा भाजते."

त्यांनी रस्त्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. देवळातून कुणाचातरी फोन आला, त्यांनी कापला. मग खिशातून किल्ली काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. हातात नाही दिली, शिवायचं नव्हतं ना. दत्तानं वाकून ती उचलली. या वेळी तो उपकार म्हणाला नाही. नुसती मूठ मिटून उभा राहिला.

सिद्धीला यायचं नव्हतं. "हितंच बरं हाय, आक्का. त्या बायका बघत्यात." मी म्हटलं, "बघू देत. रात्री तुम्हाला जागा करायला तुझा नवरा रिक्षात झोपला आणि पडवीत मी कुडकुडले. हक्कानं चल." ती उठली.

मी भवनात जाऊन आंघोळ केली. ओलेत्यानं, मोकळ्या केसांनी, मातीची टोपली डोक्यावर घेऊन मी देवळाच्या दाराशी आले. त्याच वेळी रिक्षा लागली. वरचा जिना देवळाच्या दाराला लागूनच उघड्यावरून जातो. दत्ता पुढं, एका हातात पोरगी छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात वळकटी. मागं सिद्धी, कठड्याला धरून. नव्या साड्या नेसलेल्या बायका जिन्याच्या वाटेवर बसल्या होत्या, त्यांनी आपापले पदर गोळा केले. सरकल्या. वाट चांगली रुंद झाली.

सिद्धी अर्ध्या जिन्यात थांबली. मला तिचा हात दिसत होता, कठड्यावर पांढरा पडलेला. गुडघा वाकला. साडीवर मागं लाल डाग पसरत होता. दत्ता वर पोचला होता, हातातलं पोर कुठं ठेवणार तो? तो नुसता "सिद्धे, सिद्धे" करत राहिला. खाली पन्नास बायका. मुग्धाताई पहिल्या रांगेत, अर्धी उठली, सासूनं हात धरला, बसली. एक हात पुढं आला नाही. सगळ्यांची आंघोळ झाली होती ना.

मी टोपली उतरवली आणि अण्णांच्या हातात दिली. "धरा."

"येसक्का, शिवू नको!" ते ओरडले. "ओलेती आहेस तू!"

मी जिना चढले. तिच्या काखेखाली हात घातला, तिचं सगळं ओझं अंगावर घेतलं. ती थरथरत होती, अंग गरम लागत होतं. "मी आहे गं, टाक पाऊल," म्हटलं. एकेक पायरी करत वर गेलो. खोलीत नेऊन तिला आडवी केली, साडी बदलली, पोरगी तिच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून दोन गोधड्या घातल्या. दत्ताला म्हटलं, आतून कडी लाव, मी हाक मारल्याशिवाय काढू नको.

खाली आले तेव्हा कुणी हललं नव्हतं. माझ्या ओल्या लुगड्यावर तिच्या रक्ताचा डाग होता, कमरेपासून मांडीपर्यंत. अण्णा दोन्ही हातांत माती धरून उभे. टोपली जड असते, त्यांचे दंड कापत होते. गुरुजी पंचांगाकडं बघत होते.

"परत आंघोळ..." अण्णा पुटपुटले.

"माती द्या," मी म्हटलं.

त्यांनी बायकांकडं बघितलं. कुणीतरी म्हणावं, मी पेरते, म्हणून बघितलं. एकही उठली नाही. मग त्यांनी टोपली माझ्या हातांत दिली.

मी गाभाऱ्यात गेले. पत्रावळीवर माती पसरली, घट ठेवला, भोवतीनं गहू पेरला. त्याच हातांनी. तळव्यानं माती दाबली, वर पाणी शिंपडलं आणि गुरुजींना म्हटलं, "चला, म्हणा."